रस्त्यावरच्या फोटोसाठी लेन्स घेताना



आपल्या वस्त्यांमध्ये कॅमेरा आता नवलाचा राहिलेला नाही. लग्न असो, बारसे असो, जयंतीची मिरवणूक असो, दोन-चार पोरे गळ्यात कॅमेरा अडकवून फिरताना दिसतातच. त्यांतल्या काहींचे नुसत्या लग्नाच्या फोटोंनी समाधान होत नाही. त्यांना रस्ता टिपायचा आहे. नाक्यावरची माणसे, भाजीवाली, पहाटेची लोकल पकडायला धावणारी बाई, भर पावसात हातगाडी ढकलणारा हमाल. ही हौस चांगली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण हौसेपाठोपाठ घरात वाद सुरू होतो, तो लेन्सचा. पोरगा म्हणतो, कॅमेऱ्याबरोबर मिळालेली लेन्स कामाची नाही, मोठी घ्यायची. बाप विचारतो, केवढ्याला? आकडा ऐकला की घरात शांतता पसरते. अशा दोन-तीन घरांतून मला विचारणा झाली, म्हणून या वेळचे सदर लेन्सवर.

आधी लेन्सवरचे आकडे समजून घेऊ, कारण दुकानदार आपल्याला फिरवतो तो याच आकड्यांत. लेन्सवर मिलिमीटरमध्ये एक आकडा छापलेला असतो, २८, ३५, ५०, २०० असा. आकडा लहान तितकी लेन्स जास्त रुंद बघते, आकडा मोठा तितकी अरुंद बघते आणि लांबचे जवळ आणते. १८-५५ असे दोन आकडे असले तर ती झूम लेन्स. एकच आकडा असला तर ती प्राइम लेन्स, म्हणजे झूम नाही, मागे-पुढे व्हायचे ते आपल्या पायांनी.

यात एक मेख आहे. हे आकडे ज्या मापाला धरून सांगतात ते माप म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, ज्याला फुल फ्रेम म्हणतात. आपल्या पोरांच्या हातात जे कॅमेरे असतात त्यांतल्या बहुतेकांचा सेन्सर याहून लहान असतो. त्याला क्रॉप सेन्सर म्हणतात. तेव्हा लेन्सवरचा आकडा निकॉन असेल तर दीडने आणि कॅनन असेल तर १.६ ने गुणायचा. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ही निकॉनवर २७ ते ८२ सारखी वागते, कॅननवर २९ ते ८८ सारखी. हा गुणाकार डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य मुद्दा. लेन्स घेताना सगळे विचारतात, फोटो किती स्पष्ट येईल, मागचे किती धूसर होईल, कंपनी कुठली. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. ही लेन्स मला समोरच्या माणसापासून किती फुटांवर उभे करणार? हा हिशेब कागदावर मांडता येतो. समजा, रस्त्यावर उभा असलेला माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून, आडव्या फोटोत बसवायचा आहे. फुल फ्रेमच्या मापाने २८ ची लेन्स असेल तर साधारण आठ फुटांवर उभे राहावे लागते. ३५ ने दहा फुटांवर. ५० ने चौदा फुटांवर. ८५ ने तेवीस फुटांवर. आणि २०० ने पंचावन्न फुटांवर.

पंचावन्न फूट म्हणजे रस्त्याची पलीकडची बाजू, आणि वर थोडे. तिथून फोटो काढणारा कोण आहे, कशासाठी काढतो आहे, हे समोरच्याला कळत नाही. कळले तरी तो काही बोलू शकत नाही. दहा फुटांवर मात्र तो तुमचे डोळे बघतो. तो हसेल, मान फिरवेल, हात आडवा करेल किंवा सरळ विचारेल, "काय रे बाबा, कशाला काढतोस?" त्याला नाही म्हणायची संधी मिळते. आपल्यासारख्यांचे फोटो आजवर बऱ्याच लोकांनी काढले. झोपडी, नळावरची रांग, कचऱ्याचा ढीग, त्यात उभी आपली माणसे. ते फोटो कुठे छापले गेले, कोणत्या भिंतीवर लागले, हे त्या माणसांना कधी कळले नाही. आता आपल्याच घरातला पोरगा कॅमेरा घेऊन निघाला असताना त्यानेही पलीकडच्या फुटपाथवरून दुसऱ्याच्या आईचा चेहरा ओढून घ्यावा काय, हा विचार दुकानात पैसे मोजायच्या आधी झाला पाहिजे.

नाक्याचेच उदाहरण घ्या. मुंबईत, ठाण्यात सकाळी कामाच्या शोधात मजूर नाक्यावर उभे असतात. कुणाच्या पिशवीत थापी आणि ओळंबा, कुणाच्या हातात रंगाचा ब्रश. लांबच्या लेन्सने काढलेल्या फोटोत काय येते? एक चेहरा, त्यावरच्या सुरकुत्या, मागे सगळे धूसर. फोटो देखणा दिसतो, बक्षीसही मिळेल कदाचित. पण तो माणूस कुठे उभा आहे, शेजारी किती जण आहेत, घासाघीस करणारा मुकादम कुठे आहे, बंद दुकानाच्या शटरवर काय लिहिले आहे, हे सगळे गेले. दहा फुटांवरून ३५ ने काढलेल्या फोटोत दहा फूट रुंदीचा रस्ता येतो. त्यात पिशवी येते, मुकादमाचा हात येतो, शेजारच्याची तिरकी नजर येते. रस्त्यावरच्या फोटोत रस्ता नको काय?

एक पोरगा मला म्हणाला, "काका, जवळ गेलो की लोक ओरडतात." मी म्हटले, "अरे, मग ओरडणार नाहीत तर काय करतील? तू आधी त्यांच्याशी बोललास का?" बोलायला वेळ जातो हे खरे. बोलल्यावर माणूस ताठ उभा राहतो आणि फोटो 'फोटोसारखा' होतो, हेही खरे. त्यावर उपाय म्हणजे तिथेच रेंगाळणे. चहा घ्यावा, दुसऱ्या दिवशी परत जावे. पाच-दहा मिनिटांत माणसे आपल्या कामाला लागतात आणि कॅमेरा विसरतात. ज्याने नको म्हटले त्याचा काढू नये, काढला असेल तर त्याच्यादेखत पुसावा.

लांबची लेन्स वाईट असते असे मी म्हणत नाही. सभेत व्यासपीठावरचा वक्ता, कबड्डीची चढाई, जिथे पुढे जाता येत नाही किंवा जाणे धोक्याचे आहे अशी जागा, तिथे तीच लागते. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरला तिच्यावाचून चालत नाही. पण ७०-२०० मधली चांगली, एफ २.८ ची लेन्स नवी घ्यायची तर लाखाच्या वर जाते आणि वजनाला सुमारे दीड किलो भरते. एवढी तोफ गळ्यात घालून गल्लीत शिरलात तर सगळी गल्ली तुमच्याकडेच बघणार. रस्त्याच्या कामाला ती नको.

मग कोणती? जगात या कामात नाव काढलेली माणसे २८ ते ५० च्या पट्ट्यात काम करत आली. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७ साली भारतात आले होते, त्यांचे बहुतेक काम लायका कॅमेरा आणि ५० च्या लेन्सवर झाले. न्यूयॉर्कचे गॅरी विनोग्रँड २८ वापरत आणि गर्दीत घुसून काढत. आपल्याकडच्या रस्त्यांना, माझ्या मते, मधली ३५ बरी. ५० ने एकटा माणूस छान येतो, पण आपल्या गल्ल्याच दहा-बारा फुटांच्या, मागे सरकायला जागा नाही. २८ ने सगळे येते, पण खूप जवळ जावे लागते आणि नवशिक्याच्या फोटोत निम्मी जागा रिकामी राहते.

इथे तो गुणाकार आठवा. दुकानात आणि मित्रमंडळींत एकच सल्ला मिळतो, "५० एफ १.८ घे, स्वस्त आहे." स्वस्त आहे यात शंका नाही. कॅननची ती लेन्स अवघी १६० ग्रॅमची, आणि जोडीला चांगली. पण क्रॉप सेन्सरच्या कॅननवर ती ८० ची होते. म्हणजे उभा माणूस बसवायला बावीस फूट मागे जायला हवे. चाळीच्या गॅलरीत कुठून आणणार बावीस फूट? चेहऱ्याचे फोटो काढायला ती उत्तम, पण गल्लीसाठी घेतलीत तर ती कपाटात पडून राहील. क्रॉप सेन्सरचा कॅनन असेल तर २४ एफ २.८ ची चपटी लेन्स बघा. जाडी एक इंचाहून कमी, वजन १२५ ग्रॅम आणि मापाने ती ३८ ची होते. निकॉनवाल्यांसाठी ३५ एफ १.८ ची डीएक्स लेन्स आहे, ती ५२ ची होते. थोडी अरुंद, पण उजेडाला फार चांगली.

उजेडाचे गणितही सांगून टाकतो. एफच्या पुढचा आकडा जितका लहान, तितका लेन्सचा दरवाजा मोठा उघडतो. १८-५५ लेन्स ३५ वर आणली की तिचा दरवाजा साधारण एफ ४.५ पर्यंत उघडतो. एफ १.८ ची लेन्स त्याच्या सहापट उजेड आत घेते. दिवेलागणीला जिथे सेकंदाच्या विसाव्या भागाने फोटो काढावा लागत होता आणि चालणारा माणूस हलत होता, तिथे तोच फोटो सव्वाशेव्या भागात निघतो. संध्याकाळी कामावरून सुटल्यावरच ज्यांना कॅमेरा हातात घ्यायला मिळतो, त्यांना हा फरक मोठा आहे.

दिवसा मात्र उलट करावे. दरवाजा एफ ८ वर ठेवावा, फोकस हाताने दहा फुटांवर लावून तसाच सोडावा. फुल फ्रेमवर ३५ च्या लेन्सने मग साधारण सहा फुटांपासून तेवीस फुटांपर्यंतचे सगळे स्पष्ट येते. कॅमेऱ्याला फोकस शोधायला वेळ द्यावा लागत नाही, प्रसंग दिसला की दाबायचे. क्रॉपवर २४ च्या लेन्सने तर ही पट्टी चाळीस फुटांच्याही पुढे जाते. २०० च्या लेन्सने हे जमणार नाही, तिची पट्टी अगदी बारीक असते.

पण पैसे खर्च करण्याआधी एक महिना थांबा. आहे त्याच १८-५५ वर २४ च्या खुणेवर चिकटपट्टी लावा आणि महिनाभर झूमला हात लावू नका. दुसऱ्या महिन्यात ३५ वर लावा. शिवाय तुमच्या जुन्या फोटोंत प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर काढला याची नोंद आपोआप झालेली असते, कॉम्प्युटरवर फोटोच्या माहितीत ती दिसते. दोनशे फोटो घ्या, वही काढा आणि किती फोटो कुठल्या आकड्यावर पडले याचे खाते मांडा. आम्हा कॉमर्सवाल्यांना याशिवाय झोप येत नाही, पण तुम्हीही करून बघा. निम्म्याहून जास्त फोटो १८ ते २४ मध्ये असतील तर तुम्हाला रुंद लेन्स हवी आहे. सगळे ५५ ला टेकलेले असतील तर लेन्स मोठी घेण्याआधी स्वतःला विचारा, मी पुढे जायला घाबरतो आहे काय? ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनीही नाराज होऊ नये. मोबाईलचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २८ च्या मापाचा असतो, म्हणजे तो रस्त्याच्याच कामाचा आहे.

एकाच लेन्सवर काय होते याची दोन उदाहरणे देतो. अमेरिकेतले गॉर्डन पार्क्स, कृष्णवर्णीय, पंधरा भावंडांतले धाकटे, रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात वेटर होते. शेतमजुरांचे फोटो मासिकात पाहून त्यांना आपणही हे करावे असे वाटले. पहिला कॅमेरा त्यांनी गहाणवटीच्या दुकानातून घेतला, जुना, एकच लेन्स कायमची बसवलेला. पुढे १९४२ साली त्यांनी वॉशिंग्टनमध्ये सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या बाईंचा फोटो काढला, हातात झाडू, शेजारी पोछा आणि मागे अमेरिकेचा झेंडा. तो फोटो जगभर गेला. त्यांनी एवढ्यावर न थांबता वॉटसनबाईंच्या घरी, त्यांच्या नातवंडांत, त्यांच्या चर्चमध्ये जाऊन फोटो काढले. दुसऱ्या व्हिव्हियन मायर. शिकागोत लोकांची मुले सांभाळण्याची नोकरी आणि सुट्टीत रस्त्यावर फोटो. त्यांच्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यालाही लेन्स बदलता येत नव्हती. २००७ साली भाडे थकल्यामुळे त्यांच्या सामानाचे खोके लिलावात गेले आणि त्यातून त्यांचे काम बाहेर आले. २००९ साली त्या वारल्या. जिवंतपणी जगाला त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

आपल्या मुंबईचे सुधारक ओलवे यांचे काम तर तरुणांनी आवर्जून पाहावे. महापालिकेच्या सफाई कामगारांचे, त्यांच्या कामाच्या जागी आणि त्यांच्या घरी काढलेले फोटो. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्याच्या गाडीत उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेत काय आहे हे पलीकडच्या फुटपाथवरून दिसत नाही.

६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या लोकांचे फोटो दरवर्षी छापून येतात. कितीतरी फोटो उंचावरून काढलेले, नुसती डोकीच डोकी. गर्दी किती होती ते कळते, माणूस कळत नाही. गावाहून दोन दिवसांचा प्रवास करून आलेली आजी, तिच्या पिशवीतल्या भाकरी, पुस्तकांच्या स्टॉलवर खिशातले पैसे मोजणारा विद्यार्थी, हे रांगेत शेजारी उभे राहणाऱ्यालाच मिळणार. तुम्ही त्या रांगेत असताच. लहान लेन्स लावा आणि रांगेतूनच काढा.

मुलींच्या आया काळजीने विचारतात, एकटी पोर कॅमेरा घेऊन फिरणार कशी? दोघींनी मिळून जावे, ओळखीच्या वस्तीपासून सुरुवात करावी. लहान लेन्स इथेही उपयोगी, ती डोळ्यांत भरत नाही आणि पर्समध्ये मावते. पण केवळ काळजीपोटी पोरीला घरात बसवून कॅमेरा भावाकडे देऊ नये, एवढे मी सांगेन.

आता पैशांचे. ज्या लेन्सने लग्नाच्या ऑर्डरी मिळणार असतील तिच्यासाठी पतपेढीचे कर्ज एक वेळ समजू शकते, कारण ती हप्ता फेडेल. रस्त्यावरच्या फोटोंतून पैसे येत नाहीत. त्यासाठी कर्ज काढू नका, मंगळसूत्र गहाण टाकू नका, भिशी लागेपर्यंत थांबा. सेकंडहँड घेण्यात कमीपणा नाही. कंपन्यांचे लक्ष मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळे जुन्या पद्धतीच्या लेन्स बऱ्या भावात मिळतात. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार स्ट्रीटवर कॅमेऱ्याची दुकाने आहेत, तिथे चार ठिकाणी भाव विचारावा आणि बिल घेतल्याशिवाय हलू नये.

जाताना आपली बॉडी बरोबर न्या, लेन्स त्याच बॉडीवर लावून बघा. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर जुन्या 'डी' लेन्सचा फोकस आपोआप होत नाही, एएफ-एससारखी, लेन्समध्येच मोटर असलेली घ्यावी लागते. कॅननच्या ईएफ लेन्स नव्या मिररलेसवर अडॅप्टर लावून चालतात, त्याचा खर्च आधी धरावा. दरवाजाच्या पात्यांवर तेल आलेले नसावे, फोकसची कडी अडखळू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, बॅटरीचा उजेड लेन्सच्या मागून टाकून पुढून आरपार बघावे. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. दुकानदार म्हणेल, "साफ करून देतो." घेऊ नका.

हीच बुरशी आपल्या घरीही लागते. पावसाळ्यात खोलीत ओल असते, कपडे आतच वाळत असतात आणि लेन्स कपाटात चामड्याच्या पाकिटात असते, तिथे ती हमखास धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवा. निळ्या खड्यांची सिलिका ओलावा शोषून गुलाबी झाली की ती तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळी करून घेता येते. त्यासाठी तवा मात्र वेगळा, स्वयंपाकातला नको.